नेटवर्क गेलं की वाय-फाय कॉलिंग कितपत कामाला येतं?

जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिघांच्याही प्लॅनमध्ये वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वाय-फायवरून नेहमीच्याच नंबराचा कॉल, फुकट मिळतं. तरी बहुतेकांच्या फोनमध्ये ते बंद असतं, नाहीतर चालू असूनही मालकाला त्याचा पत्ता नसतो. एअरटेलने ही सेवा डिसेंबर 2019 मध्ये दिल्लीपासून सुरू केली, जिओने जानेवारी 2020 मध्ये आणि व्हीआयने त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र-गोवा नि कोलकात्यापासून. बीएसएनएल या रांगेत बरंच मागाहून आलं. जाहिरात झाली ती घराच्या आतल्या खोलीत रेंज येत नाही त्यांच्यासाठी. पण तिचा खरा कस लागतो तो अख्ख्या शहराचं नेटवर्क एकदम बसतं तेव्हा. त्या कसोटीवर आमचे गुण पाचपैकी साडेतीन. उरलेला दीड गुण कुठे कापला गेला, हे कळलं तरच सेवेचा उपयोग होतो.

काम कसं चालतं ते आधी. फोन घरच्या वाय-फायवरून थेट मोबाइल कंपनीच्या गेटवेपर्यंत एक सुरक्षित बोगदा उघडतो. ओळख पटते ती सिमवरूनच. त्यामुळे नंबर नेहमीचाच राहतो, समोरच्याकडे काहीही लागत नाही आणि कॉल नेहमीच्या प्लॅनमधूनच जातो. व्हॉट्सअॅप असताना हे कशाला, असं कुणी विचारेल. वीज गेल्याची तक्रार करायचा 1912, बँकेची हेल्पलाइन, दवाखान्याची लँडलाइन किंवा गावाकडे आजोबांच्या हातातला साधा बटणांचा फोन, यांपैकी काहीच व्हॉट्सअॅपवर नसतं. आणि तुमच्या नंबरावर येणारे कॉलही तिथे येत नाहीत.

मात्र यात टॉवर तेवढा वगळला जातो, कंपनी नाही. कॉल शेवटी त्याच कंपनीच्या मुख्य यंत्रणेतून, म्हणजे कोअरमधून जातो. टॉवरची वीज गेली, टॉवरकडे जाणारी केबल खोदकामात तुटली, गर्दीने टॉवर गुदमरला, तर ही सेवा उत्तम. कोअरच कोसळला तर शून्य.

आता जोडणी. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या मोबाइल डेटा किंवा सेल्युलरमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' असतं. सॅमसंगमध्ये कनेक्शन्समध्ये, आणि इतर अँड्रॉइडमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग सिम्स, तिथे सिम निवडल्यावर दिसतं. शाओमीत सिमच्या पानावर 'मेक कॉल्स यूजिंग वाय-फाय' असं लिहिलेलं असतं. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळं चालू करावं लागतं; इथे पुष्कळजण फसतात. व्होल्टे (4जीवरून कॉल करण्याची सोय) बंद ठेवलं असेल तर तेही चालू करा. हे सगळं नेटवर्क धडधाकट असतानाच करून ठेवा, कारण काही फोनमध्ये पहिल्यांदा चालू करताना कंपनीकडून मंजुरी यावी लागते.

मग चाचणी. एअरप्लेन मोड लावा आणि त्यावर फक्त वाय-फाय चालू करा. दोन मिनिटांत वरच्या पट्टीत व्हीओवायफाय किंवा कंपनीच्या नावापुढे वाय-फाय दिसलं पाहिजे. एक कॉल करा, एक घ्या, आणि दहा-पंधरा मिनिटं फोन तसाच पडू देऊन पुन्हा एक कॉल घ्या. हा तिसरा कॉल चुकवू नका. काही राउटर वापरात नसलेली जोडणी काही मिनिटांत विसरतात. मग बाहेर जाणारे कॉल लागतात, येणारे मात्र वाजतच नाहीत. फोनचा बॅटरी सेव्हर वाय-फाय झोपवत असेल तरी लक्षण हेच.

चिन्ह आलंच नाही तर संशयित ठरलेले आहेत. पहिला, फोनवरचं व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं प्रायव्हेट डीएनएस. दुसरा, राउटरमध्ये बंद असलेलं 'आयपीसेक पासथ्रू', म्हणजे हा बोगदा आरपार जाऊ देणारी सेटिंग. तिसरा, फायरवॉल. या बोगद्याला यूडीपीची 500 आणि 4500 ही दोन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची दोन दारं, उघडी लागतात. ऑफिस आणि कॉलेजच्या वाय-फायवर ती अनेकदा बंद असतात. तिथे फोनची सेटिंग्ज उलटीपालटी करण्यात अर्थ नाही, नेटवर्क सांभाळणाऱ्यालाच सांगावं लागतं.

वेगाची काळजी नको. आवाजाला दोन्ही दिशांनी मिळून सेकंदाला शंभर-सव्वाशे किलोबिट लागतात, म्हणजे मिनिटाला जेमतेम 1 एमबी. 30 एमबीपीएसच्या स्वस्त प्लॅनवर आवाज तुटत असेल तर दोष बहुधा भिंतींचा असतो. 5 गिगाहर्ट्झची लहर दोन भिंतींपलीकडे लंगडते, कॉलपुरतं 2.4 वर या.

एअरप्लेन मोडची युक्ती चाचणीपुरती नाही. नेटवर्क बसतं तेव्हा पुष्कळदा टॉवरचा सिग्नल दिसत असतो, फक्त टॉवरच्या मागची केबल मेलेली असते. फोनला वाटतं सगळं ठीक आहे, आणि तो वाय-फायकडे वळत नाही. काही अँड्रॉइडमध्ये 'वाय-फाय प्रिफर्ड' असा पर्याय मिळतो, तो निवडा. नसेल तर एअरप्लेन मोड हाच खात्रीचा मार्ग.

पण आमच्या मते या सेवेचं भवितव्य ठरतं ते विजेवर. टॉवर पडण्याचं मोठं कारण म्हणजे लांबलेली वीज. टॉवरखालची 48 व्होल्टची बॅटरी काही तास टिकते, मग जनरेटर, आणि डिझेल पोचलं नाही तर संपलं. त्याच वेळी तुमच्याही घरात वीज नसते, म्हणजे वाय-फायही नाही. तेव्हा राउटरला यूपीएस नसेल तर वाय-फाय कॉलिंग निव्वळ कागदावर आहे.

राउटरसाठीचा छोटा 12 व्होल्टचा डीसी यूपीएस साधारण हजार ते दोन हजार रुपयांत येतो. घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याने भुलू नका. 10,000 एमएएच लिहिलेलं असतं ते 3.7 व्होल्टला, म्हणजे 37 वॉट-तास. रूपांतरातली घट काढली की हाती तीसच्या आसपास उरतात. राउटर आणि ओएनटी (घरात फायबरची वायर जिला जोडतात ती छोटी पेटी) मिळून 9-10 वॉट खात असतील तर तीन तास. घरात 150 एएचचा इन्व्हर्टर असेल तर एवढ्या भारावर तो दिवस-दिवस ओढेल. पण वीज जाताक्षणी इन्व्हर्टर बदली करताना राउटर रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते बघा.

घेण्याआधी राउटरच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचा. 9 व्होल्टच्या राउटरला 12 व्होल्ट देऊन तो जाळणारे कमी नाहीत. पिनही तपासा: बाहेरून 5.5 मिमीची दिसणारी पिन आतून 2.1 किंवा 2.5 अशी दोन मापांत येते, आणि चुकीची पिन सैल बसून मधूनच वीज तोडते. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही यूपीएस हवा. नुसता राउटर चालू राहिला तर फोनवर वाय-फायची पूर्ण चिन्हं दिसतात आणि इंटरनेट नसतं. टीव्हीमागच्या गरम कपाटात कोंबलेली लिथियम बॅटरी वर्ष-दोन वर्षांत अर्धी होते, म्हणून अधूनमधून प्लग काढून ती किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघावं.

इंटरनेट येतं कसं, तेही विचारा. फायबर थेट घरातल्या ओएनटीत येत असेल तर एक्सचेंजपासून घरापर्यंत मधल्या स्प्लिटरना वीज लागत नाही. दोन टोकं जिवंत असली की पुरे. केबलवाल्याने गच्चीवरच्या डब्यात स्विच बसवून तिथून लॅनची वायर सोडली असेल, तर तो डबा सोसायटीच्या मीटरवर चालतो. वीज गेली की अख्ख्या इमारतीचं नेट बसतं आणि तुमचा यूपीएस नुसता दिवे लावून बसतो. ओएनटीवर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर तुटलंय. दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही, सरळ तक्रार नोंदवा.

आता कापलेले गुण. 22 फेब्रुवारी 2024 रोजी अमेरिकेत एटी अँड टीचं नेटवर्क बारा तास बसलं. एका चुकीच्या कॉन्फिगरेशनमुळे साडेबारा कोटी उपकरणं नेटवर्कबाहेर फेकली गेली. तेव्हा कंपनीनेच ग्राहकांना वाय-फाय कॉलिंग वापरायला सांगितलं. त्याउलट 8 जुलै 2022 ला कॅनडात रॉजर्सचं झालं. कोअरच्या अपग्रेडमध्ये एका राउटरवरचा मार्ग गाळणारा फिल्टर काढला गेला आणि मार्गांच्या माहितीच्या पुराखाली कोअर बुडाला. मोबाइल आणि घरचं इंटरनेट दोन्ही त्याच कोअरवर, त्यामुळे एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांचं सगळं एकदम गेलं, दुकानांतली डेबिट कार्डंसुद्धा. दुरुस्ती करणाऱ्या रॉजर्सच्या माणसांचे फोनही रॉजर्सचेच होते. त्यांना एकमेकांशी बोलायला दुसऱ्या कंपन्यांची सिमं आणावी लागली. नोव्हेंबर 2023 मध्ये ऑस्ट्रेलियात ऑप्टसनेही एकाच कंपनीवर विसंबलेल्या ग्राहकांना हाच अनुभव दिला.

म्हणून जिओचं सिम आणि जिओचंच फायबर, किंवा एअरटेलचं सिम आणि एअरटेलचंच फायबर, ही जोडी बिलाला सोयीची आणि अडचणीला कुचकामी. घरचं नेट वेगळ्या कंपनीचं ठेवा. जवळचा केबलवाला चांगला असेल तर तोही चालेल, गच्चीवरच्या डब्याची चौकशी करून.

दुसरं सिमही तसंच विचार करून निवडा. एअरटेल आणि व्हीआय यांची उपकरणं अनेक ठिकाणी टॉवर भाड्याने देणाऱ्या इंडस टॉवर्स या कंपनीच्या एकाच टॉवरवर असतात. त्या टॉवरचं डिझेल संपलं की दोघांची रेंज मिळूनच जाते. जिओसोबत या दोघांपैकी एक, किंवा यांपैकी कुणाही सोबत बीएसएनएल, ही जोडी जास्त शहाणी. ई-सिम घेणार असाल तर आधीच उतरवून ठेवा. ते उतरवायलाच इंटरनेट लागतं.

या सेवेचा सगळ्यात दुर्लक्षित उपयोग म्हणजे शेजाऱ्याचा हॉटस्पॉट. तुमची कंपनी बसली, त्याची चालू आहे, तर त्याच्या हॉटस्पॉटला जोडा, एअरप्लेन मोड लावा, आणि तुमच्या नंबरावर कॉल येऊ-जाऊ लागतील. सगळे एकाच टॉवरवर लोटलेले असल्याने व्हिडिओ चालणार नाही, पण शंभर किलोबिट मिळाले तरी बोलणं होतं. दोन सिमच्या आयफोनमध्ये आणि काही अँड्रॉइडमध्ये एका सिमचा कॉल दुसऱ्या सिमच्या डेटावरून नेण्याचीही सोय आहे. ती तुमच्या कंपनीवर चालते का, हे करून पाहिल्याशिवाय धरून चालू नका.

चक्रीवादळापुढे मात्र ही सेवा हात टेकते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागात विजेचे खांब आडवे झाले, आणि खांबांवरून गेलेली फायबरही त्यांच्यासोबत गेली. अशा वेळी घरच्या वाय-फायचा विषयच संपतो. तिथे कामाची गोष्ट म्हणजे इंट्रा-सर्कल रोमिंग: दूरसंचार विभागाच्या सांगण्यावरून कंपन्या आपापले जिवंत टॉवर एकमेकांच्या ग्राहकांना उघडतात. ते सुरू झाल्याचं कळलं की नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक'वर ठेवा, डेटा रोमिंग चालू करा आणि फोन एकदा बंद-चालू करा. तरीही पकडत नसेल तर 'मॅन्युअल'मध्ये जाऊन यादीतली प्रत्येक कंपनी निवडून पाहा.

पैशांचं थोडक्यात. घरचं वाय-फाय चालू असेल तर आधीपासून नोंदवलेलं यूपीआय चालतं, पण नव्या फोनवर नोंदणी करायची वेळ ती नव्हे, कारण त्यासाठी सिमवरून एसएमएस जावा लागतो. ओटीपी वाय-फायवरून कधी येतात, कधी अडकतात. इंटरनेटशिवाय बँकेचे व्यवहार करायच्या *99# ला मोबाइल नेटवर्कच लागतं. एनएफसीवर, म्हणजे फोन जवळ टेकवून, चालणारं यूपीआय लाइट एक्स खरोखर ऑफलाइन आहे, पण ते घेणारा दुकानदार शोधावा लागेल. घरात सुट्ट्या नोटा ठेवा.

आणि आपत्कालीन मदतीचा 112. हा नंबर वाय-फायवरून लागेल याची हमी नाही. लागला तरी टॉवरवरून कळतं तसं तुमचं ठिकाण पलीकडे कळेलच असं नाही, तेव्हा पत्ता खुणेसकट आधी सांगा. तो लावायचा असेल तर एअरप्लेन मोड काढा. स्वतःच्या कंपनीचा टॉवर नसेल तर फोन दुसऱ्या कंपनीचा टॉवर धरून कॉल लावायचा प्रयत्न करतो. रॉजर्सच्या वेळी हेच फसलं: कोअर मेला तरी टॉवर सिग्नल फेकत राहिले, फोन त्यांनाच चिकटून बसले आणि कॅनडाचा 911 लागेना. तेव्हा लोकांना सिम काढून कॉल करायला सांगावं लागलं. दोन सिमच्या फोनमध्ये आधी ज्या कंपनीचं नेटवर्क बसलंय तिचं सिम सेटिंग्जमधून बंद करा आणि दुसऱ्यावरून लावा.