पटेला स्ट्रॅप : धावणाऱ्यांच्या गुडघ्याला कितपत उपयोगी?

पटेला स्ट्रॅप म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली बांधायचा तो अरुंद पट्टा, आतून फोमची किंवा सिलिकॉनची गादी आणि मागे वेलक्रो, बास एवढंच. पण पाकिटावर बघाल तर सगळ्या प्रकारच्या गुडघेदुखीवर चालतो असं छापलेलं असतं आणि माझं भांडण तिथेच आहे. वस्तू वाईट नाहीये, मी हाफ मॅरेथॉनच्या ट्रेनिंगमध्ये भरपूर वापरलाय, पण ती एका ठरावीक दुखण्यासाठी आहे.

त्यामुळे ऑर्डर करायच्या आधी नक्की कुठे दुखतंय ते बोट ठेवून बघा. वाटीच्या खालच्या टोकाला एकाच जागी दाबलं की कळ येते, उड्या मारल्या किंवा स्पीड वर्कआउट केला की वाढते, तर ते बहुतेक पटेलर टेंडनचं दुखणं, वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत दोरीसारखा चिवट जातो तो टेंडन (कंडरा). पट्टा बरोब्बर त्याच्यावर दाब देतो, त्यामुळे दुखऱ्या जागेवरचा ताण थोडा कमी होतो असं मानतात. मला इथेच फरक जाणवला, पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये जी टोचणी असायची ती बरीच खाली आली.

आता जर वाटीच्या भोवती किंवा मागे बोथट दुखत असेल, जिना उतरताना, उकिडवं बसताना किंवा बराच वेळ गुडघे दुमडून बसून उठल्यावर, तर तो रनर्स नी. धावणाऱ्यांमध्ये हाच जास्त दिसतो. इथे पट्ट्याचं काही खरं नाही, काहींना बरं वाटतं, काहींना उलट वाटी दाबल्यासारखी होते. त्यापेक्षा फिजिओकडून टेपिंग करून घेतलेलं बरं, निदान थोड्या दिवसांसाठी तरी.

आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल, ठरावीक अंतर झालं की सुरू, उतारावर जास्त, चालायला लागलं की कमी, तर ते आयटी बँडचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याखालपर्यंत जाते ती जाड चिवट पट्टी. तिथे हा पट्टा म्हणजे शुद्ध पैसे वाया, कारण तो त्या जागेपर्यंत पोचतच नाही. (फोम रोलरने आयटी बँड लांब होतो हेही विसरा, तो इतका चिवट असतो की रोल करून लांब होत नाही, फार तर आजूबाजूच्या स्नायूंना बरं वाटतं.)

वापरायला कसा? सोपा आहे पण जागा चुकली की काहीच होत नाही. वाटीवर नाही, वाटीच्या खाली, वाटी आणि नडगीवरचा तो उंचवटा यांच्या मधल्या मऊ जागेत गादी आली पाहिजे. घट्ट इतकाच की धावताना सरकणार नाही, पायाला मुंग्या आल्या किंवा बधिर वाटलं की लगेच सैल करा. घामाने सरकतो, हा सगळ्यात मोठा वैताग, लाँग रनला थांबून नीट करावा लागतो. मागच्या बाजूला वेलक्रोची कड घासून कातडी लाल होते, शिवाय तो वेलक्रो रनिंग टाइट्सला चिकटून धागे ओढतो ते वेगळंच. दिवसभर बांधून फिरायची गरज नाही, धावण्यापुरता बांधा आणि काढा.

आणि हे नीट वाचा, पट्टा दुखणं कमी करतो, बरं करत नाही. बांधल्यावर छान वाटतंय म्हणून मायलेज वाढवलंत तर टेंडन काही तुमचं ऐकणार नाही. धावताना दुखणं 10 पैकी 3 च्या आत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल तर चालू ठेवा असं फिजिओ साधारण सांगतात, मी तेच पाळते. खरं काम व्यायामाचं. टेंडनसाठी लेग एक्स्टेन्शन मशीनवर 45 सेकंद वजन धरून ठेवायचं, असे 5 वेळा, आणि मग हळूहळू जड वजनाने स्क्वॉट वगैरे. रनर्स नी साठी मांडी आणि खुबा दोन्हीकडचे स्नायू, म्हणजे स्टेप डाउन (पायरीवरून एका पायाने हळू खाली उतरणं), एका कुशीवर झोपून पाय वर उचलणं, हे कंटाळवाणं आहे, पण आठवडे-महिने करावंच लागतं. अजून एक फुकटचा उपाय म्हणजे केडन्स, म्हणजे मिनिटाला किती पावलं पडतात ते, त्याच वेगात पावलं 5 ते 10 टक्के वाढवायची, मिनिटाला 160 पडत असतील तर 168 ते 176, पावलं छोटी होतात आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो.

पट्टा दिसला की कुणीतरी म्हणतंच, धावून धावून गुडघे झिजवलेस. त्यांना सांगा की 2017 साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात हौशी धावणाऱ्यांमध्ये खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात साधारण 3.5 टक्के आणि बैठं आयुष्य असणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के निघाला. स्पर्धेत उतरणाऱ्या मोठ्या धावपटूंमध्ये मात्र 13.3 होता, म्हणजे अगदी मोकळं रानही नाही.

गुडघा सुजलाय, मध्येच अडकतोय, वजन टाकलं की निसटल्यासारखा होतोय किंवा रात्री झोपेतही दुखतोय तर पट्टा-बिट्टा राहू दे, आधी ऑर्थोपेडिककडे जा.

माझ्याकडून टेंडनवाल्यांसाठी 5 पैकी 4 स्टार, रनर्स नी ला 2, आयटी बँडला शून्य. घेताना आतल्या बाजूला सिलिकॉनच्या रेघा असलेला बघा, तो कमी सरकतो, आणि धुताना वेलक्रो बंद करून हाताने धुवा नाहीतर लगेच पकड जाते.