गॅग-पोलच्या सीमेवरचा थांबा: उंदराचा विषाणू घ्यावा की एचआयव्ही?

गॅग या विषाणूचे कवच घडवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाच्या शेवटी असलेला थांबा (प्रथिन तेथेच संपवण्याची खूण) विषाणू कसा टाळतो, हे ड्युअल ल्युसिफरेजने (थांब्याच्या दोन बाजूंना जोडलेल्या दोन प्रकाश देणाऱ्या एन्झाइमांच्या उजेडाची तुलना करून) मोजायचे ठरले, की काम मोलोनीच्या मूषक-ल्युकेमिया विषाणूवर करावे की एचआयव्ही-१ वर, हा प्रश्न येतोच. मलाही तो पडला होता. साधारण २० गॅगमागे एक गॅग-पोल (थांबा टाळून तयार झालेले लांब प्रथिन), हे प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखेच आहे. वाटा मात्र वेगळ्या आहेत. एचआयव्हीत यूयूयूयूयूयूए या निसरड्या जागी, पुढच्या स्टेम-लूपमुळे (आरएनए दुमडून झालेल्या फासामुळे) अडखळलेला रायबोसोम, म्हणजे आरएनए वाचून प्रथिन बनवणारे यंत्र, कधीकधी एक अक्षर मागे सरकतो, आणि मग गॅगच्या चौकटीतला (तीन-तीन अक्षरे वाचण्याच्या त्या क्रमातला) थांबा त्याच्या वाटेत येतच नाही. उंदराच्या विषाणूत यूएजी हा थांबा खरोखरच समोर येतो. त्याच्यापुढे ८ अक्षरे सोडून असलेल्या स्यूडोनॉटमुळे (आरएनएच्या गाठीसारख्या घडीमुळे) अधूनमधून प्रथिन सोडवणाऱ्या रिलीज फॅक्टरऐवजी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आणणारा टीआरएनए तेथे बसतो आणि वाचन पुढे चालू राहते.

औषधशोध हा हेतू असेल, तर एचआयव्हीचे पारडे साहजिकच जड आहे. मीही त्याच कारणाने तेथून सुरुवात केली होती. मात्र आमच्या एका क्लोनचे (तयार केलेल्या डीएनए-प्रतीचे) माप शंभर टक्क्यांच्या कंट्रोलच्या (थांबा मुळीच आड न येणाऱ्या, तुलनेसाठीच्या नमुन्याच्या) जवळ जाऊन बसले. आम्ही लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्राव) बदलले, बफर नव्याने केले, आणि दोन आठवड्यांनी सिक्वेन्सिंगमध्ये दिसले, की प्लाझ्मिडमध्ये (पेशीत घालायच्या डीएनएच्या वर्तुळात) सलग सहा टी (आरएनएतल्या यूच्या जागी डीएनएत टी असतो) असायला हवे होते तेथे सात होते. त्या एका जादा अक्षराने दोन्ही चौकटी आपोआप जुळल्या होत्या आणि रायबोसोमला घसरण्याची गरजच उरली नव्हती. अधिक खटकले ते हे, की शंभर टक्क्यांचे कंट्रोलही असेच एक अक्षर वाढवून करावे लागते. म्हणजे चूक आणि कंट्रोल यांचे माप सारखेच येते.

उंदराच्या विषाणूचीही एक अडचण आहे, ती लपवू नये. त्याच्या स्यूडोनॉटचे सक्रिय रूप पीएचवर अवलंबून असते, हे २०११ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे बफरबाबत हयगय चालत नाही. पण पीएच आधीच तपासून घेता येतो. शिवाय येथे कंट्रोलसाठी यूएजीचा सीएजी केला, की पुरते. सीएजी म्हणजे ग्लुटामिनच, त्यामुळे कंट्रोलमध्ये तयार होणारे प्रथिन आणि थांबा ओलांडून तयार होणारे प्रथिन यांत एका अमिनो आम्लाचाही फरक राहत नाही. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल. मी मात्र नव्या विद्यार्थ्याच्या हाती आता हाच प्लाझ्मिड देतो.