अकरा इंचांचा फूट

गेल्या आठवड्यात धंद्यातल्या एका मित्रानं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "लॉनचा एक एजंट आहे, ११ रुपये फुटानं देतोय म्हणतो, घेऊ का?" फोटोत हिरवंगार लॉन, कडेला तुळशीवृंदावन आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला निळा पाइप. तो पाइप माझा. लॉनही मीच घातलेलं. आणि तो फोटो त्या एजंटला मीच पाठवला होता, दोन वर्षांपूर्वी, तक्रारीसोबत. माल कुठं कमी पडला ते दाखवायला चार फोटो काढले होते. ज्यात कमी दिसत नव्हतं तेवढा एक त्यानं जपून ठेवला.

म्हणून हे लिहायला बसलो. मित्राला फोनवर सांगितलंच आहे, पण तो एजंट काही एकट्या मित्राकडे जाणार नाही.

माझं काम गार्डन मेंटेनन्सचं. पुण्यात ११ बंगले आणि २ सोसायट्या महिन्याच्या ठरावावर, आणि वर्षातून पाच-सहा नवीन लॉनची कामं. (सुरुवातीला टेम्पोवर मोठ्या अक्षरांत 'लॉन्स' लिहिलं होतं. डिसेंबरची तारीख मोकळी आहे का, ताट कितीला, असे फोन यायला लागल्यावर ते पुसलं.) महिन्याच्या ठरावावर घर चालतं, नवीन कामावर चार पैसे सुटतात. ते सुटले नाहीत तर वर्ष कोरडं जातं.

काम खडकवासल्याच्या पुढं, एका निवृत्त जोडप्याच्या, काका-काकूंच्या बंगल्याचं होतं. ३,००० चौरस फूट. जमीन आम्ही नीट केली होती: मुरूम काढला, ढाळ रस्त्याकडे दिला, तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत घालून रोलर फिरवला. जुलै लागला होता. लॉन घालायला यासारखा महिना नाही, पाणी वरून फुकट मिळतं. पण म्हणूनच जुलैत माल मिळत नाही. माल म्हणजे शेतात वाढवून मुळं-मातीसकट तुकड्यांत कापलेलं गवत. सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या पट्ट्यात माझा नेहमीचा नर्सरीवाला आहे. त्याचा भाव १४ रुपये, आणि शेत कापून रिकामं. "पंधरा दिवस थांबा" म्हणाला.

नेमका त्याच दिवशी हा भेटला. त्याच्या कार्डावर नर्सरीचं नाव होतं, पत्ता नव्हता. हे मला घरी गेल्यावर दिसलं आणि दिसूनही मी काही केलं नाही. "दादा, सिलेक्शन वन जातीचं गवत आहे, ११ नं देतो, चला दाखवतो." गेलो. माल खरंच सुंदर होता. मी काही नवशिका नाही. एक तुकडा कोपऱ्याला धरून उचलला, फाटला नाही. उलटा केला, पांढरी मुळं जाळीसारखी विणलेली. खाली बोटभर तांबडी माती. पूर्ण परीक्षा घेतली आणि माल पास केला. फक्त ज्याची परीक्षा घेतली तो माल माझ्याकडं कधीच आला नाही. ते शेतही त्याचं नव्हतं, हे नंतर कळलं. गिऱ्हाईक घेऊन येतो म्हणून मालक त्याला आत सोडायचा, एवढाच संबंध.

बिल मागितलं तर म्हणाला, "देतो की, पण १८ टक्के जीएसटी वर लागेल. तुमचंच नुकसान." ३३,००० वर १८ टक्के म्हणजे ५,९४० रुपये. मी गप्प बसलो. पुढं आमच्या अकाउंटवाल्याला सहज बोललो तर तो हसायलाच लागला. जिवंत रोपांवर, गवतावर जीएसटी नाहीच. १८ टक्के लागतो तो लॉन घालून देण्याच्या कामावर, नुसत्या मालावर नाही. म्हणजे नसलेल्या कराची भीती घालून त्यानं माझ्याकडूनच बिल नको म्हणवून घेतलं.

१६,५०० आगाऊ दिले, यूपीआयनं. पैसे ज्या नावावर गेले ते नाव त्याचं नव्हतं. "मेहुण्याचं खातं आहे."

गाडी यायची होती संध्याकाळी सहाला. आली रात्री दीडला. "दिवसा एन्ट्री नाही, पोलीस अडवतात." खडकवासल्याच्या पुढं कोण अडवतो? पण रात्री दीडला, भर पावसात, आठ माणसं ओसरीवर डुलक्या घेत बसलेली असताना हा वाद कोण घालणार? ड्रायव्हर म्हणाला, राहिलेले १६,५०० आल्याशिवाय दोरी सोडायची नाही असं सांगितलंय. दिले. गाडीभाडं ४,५०० रोख, वेगळं.

माणूस नेमका इथं सापडतो. लॉनचा माल सिमेंटच्या पोत्यासारखा ठेवून देता येत नाही. कापलेलं गवत थप्पीत श्वास घेत असतं आणि आतून तापतं. मी थप्पीत हात घातला तर ओल्या शेणखतात घातल्यासारखं ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी तेच तुकडे पिवळे पडतात, तिसऱ्या दिवशी फेकायचे. त्यामुळं माल उतरला की तपासत बसायला वेळ नसतो, अंथरायलाच लागतं. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. रात्र, पाऊस, तापलेली थप्पी. तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूच्या.

मोजणी केली बरं का. बॅटरीच्या उजेडात ५०-५० च्या ३० थप्प्या. १,५०० तुकडे, प्रत्येक एक फूट बाय दोन फूट, म्हणजे ३,००० चौरस फूट. एक तुकडाही कमी नव्हता.

उजाडल्यावर अंथरायला घेतलं. दुपारी दोनच्या सुमाराला माल संपला आणि मागच्या कंपाउंडकडची अख्खी पट्टी उघडी. मी मुकादमावरच भडकलो, की जमिनीचं माप चुकवलंस. तो बिचारा पुन्हा टेप घेऊन फिरला. जमीन ३,००० च भरली. मग त्यानं गुडघ्यावर बसून एका तुकड्याला टेप लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "दादा, अकरा बाय बावीस हाय."

दुसरा लावला, अकरा बाय बावीस. दहा तुकडे मोजले. एखादा साडेअकराचा, बाकी सगळे तसेच. एक इंच इकडं, दोन इंच तिकडं, डोळ्याला कळतसुद्धा नाही. पण हिशेब करा: २८८ चौरस इंचांच्या जागी २४२. शंभरातले सोळा गेले. माझ्या ३,००० फुटांतले जवळपास ४८० फूट त्या गाडीत नव्हतेच. म्हणजे ११ रुपयांचा भाव खरा पडला १३ च्या वर, आणि गाडीभाडं, मजुरी पुन्हा.

फोन लावला. "दादा, गवत आहे, टाइल्स नाहीत. कापताना इकडंतिकडं होतंच. पसरेल आपोआप." मी आवाज चढवल्यावर म्हणाला, "फोटो पाठवा, शेठना दाखवतो, उद्या ५०० फूट पोचवतो." ते चार फोटो तेव्हाचे. उद्याचा परवा झाला आणि चौथ्या दिवशी फोन बंद. ५०० फूट मी नेहमीच्या नर्सरीवाल्याकडून हातापाया पडून आणलं, १४ रुपयांनी. इथवर असतं तर मी हे लिहिलंही नसतं. धंद्यात असे फटके बसतात.

तिसऱ्या आठवड्यात लॉन जरा फिकट वाटायला लागलं. आमचा जुना माळी म्हणाला, विकायच्या आठ दिवस आधी युरिया मारून काळंभोर केलेलं असणार, आता उतरतंय. असेल. युरियाचं तसंच आहे, हजार फुटाला किलोभर, वरून लगेच पाणी, एवढंच द्यायचं. जास्त दिलं की वर पान माजतं आणि मूळ आळशी होतं. मी ते मनावर घेतलं नाही. पण त्याच फिकट लॉनमधून जागोजागी गडद, चकचकीत पाती वर येत होती. कालच कापलं तरी आज दोन बोटं वर. मी खुळ्यासारखा खूश होतो, की जोर धरतंय.

खुरपायला येणाऱ्या मावशींनी एक काडी उपटून माझ्या हातात दिली. "चिमटीत फिरवून बघा." फिरवली. गवताची काडी गोल फिरते, ही अडकत होती. तिला तीन धारा. "लव्हाळा हाय ह्यो, दादा. आमच्याकडं उसात असतोय."

खुरप्यानं खाली उकरलं तर हरभऱ्याएवढ्या काळपट गाठी, एकीला दुसरी दोऱ्यानं जोडलेली. गाठ फोडली की छान वास येतो. का नाही येणार, हाच नागरमोथा, दिवाळीच्या उटण्यात असतो तो. लॉनमध्ये मात्र याच्यासारखा वैरी नाही. वरून उपटलं की दोरा तुटतो, गाठ खाली राहते, आणि एकीच्या जागी शेजारच्या दोन जाग्या होतात. मशीननं कापलं तर त्याला काहीच होत नाही. माझ्या जमिनीत तो आधी नव्हता. आणलेल्या तुकड्यांच्या मातीत गाठी होत्या. नर्सरीवाल्याच्या ५०० फुटांत एक काडी नव्हती, अगदी सांध्याला सांधा लागून असूनही सरळ रेघ दिसत होती.

उसाला मारतात ते हॅलोसल्फ्युरॉन तणनाशक मारायचा विचार केला. पण मूळ पुरतं न धरलेल्या लॉनवर भीती वाटली, आणि काकूंनीही नको म्हटलं, नातवंडं तिथं लोळतात. मग दोन बायका, १४ दिवस, ५०० रुपये रोज, एकेक गाठ वेचत. १४,००० रुपये. तरी ९०० फूट असं होतं की मातीसकट उचलून फेकावं लागलं. त्यावर नवीन गवत १२,६०० चं, मजुरी ६,०००. आधीचं ५०० फूट ७,००० चं, टेम्पो १,८००.

काकांनी शेवटच्या हप्त्यातले २०,००० कापले. ते वहीत सगळं लिहून ठेवतात. वही उघडून पुढं केली आणि म्हणाले, "तीन महिने अंगणात पाय ठेवता आला नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर?" काय बोलणार? माल कुणाकडून घेतला हा प्रश्न माझा, त्यांचा नाही. सगळं धरून ६१,४०० रुपये. त्या शनिवारी माणसांचा पगार द्यायला बायकोकडून उसने घेतले.

चौकीत गेलो. हा दिवाणी मामला आहे म्हणाले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, तिथं नीट ऐकून घेतलं. पण धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायद्यात अडचण असते. स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतला असेल तर वाट आहे, पण मी आठ माणसं लावून काम करणारा. आणि मुळात दाखवायला काय होतं? बिल नाही, खातं मेहुण्याचं, कार्डावर पत्ता नाही. घरमालकांनी मात्र लक्षात ठेवा, स्वतःच्या अंगणासाठी घेतलंत तर तुम्ही सरळ ग्राहक आहात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. बिल तेवढं घ्या.

आता आमच्या लोकांचंही थोडं सांगतो, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकतो. मातीतही हेच चालतं. ३,००० फुटांवर चार इंच थर म्हणजे १,००० घनफूट, म्हणजे १० ब्रास. दहाचे पैसे घेऊन सात-आठ ओतणारे मला माहीत आहेत, रोलर फिरल्यावर कुणाला कळतं? गाडी रिकामी व्हायच्या आत हौद्याला टेप लावा. मेंटेनन्सवाला पावसाळ्यात लॉनचं पार टक्कल करून जात असेल, तर तो पुढची एक खेप वाचवतोय. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नसतं. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी यावंच लागतं, आणि न येण्याचेही पैसे तो तुमच्याकडून घेत असतो.

मी स्वतः आता माल ठरवायच्या पंधरा दिवस आधी दहा तुकडे विकत आणतो, शेतात दाखवतील ते नाही, थप्पीत असतील ते. घरामागं ट्रेमध्ये ठेवून पाणी देतो. लव्हाळा असेल तर आठ-दहा दिवसांत डोकं वर काढतोच. गाडी उजेडात उतरवून घेतो, वेगवेगळ्या थप्प्यांतून दहा तुकडे ओढून अंगणात जुळवतो. वीस फूट भरले तर दोरी सोडायला सांगतो. पैशांचा शेवटचा भाग दहा दिवसांनी. हे ऐकून दोन नर्सरीवाले चिडले, एकानं सरळ नाही म्हटलं. माझा जुना मात्र म्हणाला, "मोजा की, त्यात काय!" त्याचा भाव आता १६ आहे.

मित्राला हेच सांगितलं होतं. त्यानं त्या एजंटला तिथल्या तिथं लिहिलं: माल दिवसा आण, दहा तुकडे मोजून घेईन, बिल पाहिजे. निळ्या खुणा आल्यात. चार दिवस झाले, उत्तर नाही.