धारण तलाव की तिवरं?

नवी मुंबईचा बराच भाग खाडीत भराव घालून उभा राहिला. उधाणाच्या भरतीला खाडीची पातळी इथल्या काही रस्त्यांच्याही वर चढते. म्हणून सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, डच धर्तीवर धारण तलाव बांधले. भरती आली की झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत उतरतं. पावसाच्या पाण्यासाठी याला तोड नाही. पण तलाव गाळाने भरला किंवा गंजलेली झडप अर्धवट उघडी राहिली, की खाडीच उलटी आत शिरते.

तिवरांचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांचं, काम वेगळं. वादळात लाट आधी त्यांच्यावर आदळते. चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली श्वासमुळं पाण्याचा जोर मोडतात, माती धरून ठेवतात. वादळानंतर तर फरक जास्तच जाणवतो. झडप बदलायला निविदा काढावी लागते. तिवरांची बी मात्र भरतीबरोबर येऊन रुजते, आडोशाला चिंबोऱ्या परततात, आणि कोळीवाड्यांना तेच हवं असतं.

गोची अशी, की गाळाने भरलेल्या तलावांतच तिवरं माजली आहेत. ती काढायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. माझ्या मते तलावांपुरती ही परवानगी मागावी आणि गाळ उपसावाच. खाडीकाठच्या तिवरांत मात्र भरावाचा एकही डंपर जाऊ देऊ नये. आणि झडपांची तपासणी मे महिन्यातच उरकावी.