चार्जर काढू देत नसेल तर लॅपटॉप घेऊ नका

13,450 रुपये. त्यातले 8,450 यूपीआयने, 5,000 रोख. वर आमचा जुना लॅपटॉप. आकडे लिहितानाही जळफळाट होतो, पण मला फसवणारा तोच वापरलेल्या लॅपटॉपचा सेल आता दुसऱ्या कुठल्या तरी गावात लागला असेल, म्हणून लिहितेय.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या पाठवतो, दोन खोल्या पर्यटकांना देतो. सगळा हिशेब 2015 च्या लॅपटॉपवर. खाऱ्या हवेने कीबोर्ड गेलेला, बॅटरी संपलेली, सुरू व्हायला दहा मिनिटं. बाजारातल्या दुरुस्तीवाल्या दादांनी सांगितलं होतं: एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) 2,400, बॅटरी 2,100, कीबोर्ड 1,100, मजुरी 400. एकूण 6,000. "वहिनी, अजून दोन-तीन वर्षं आरामात काढेल." पण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलेला, आणि विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा पाचव्याचा. अशा मशीनवर सहा हजार कशाला घालायचे, हा माझा विचार चुकीचा नव्हता. आजही म्हणते.

तेवढ्यात शहरातल्या एका मंगल कार्यालयात सेल लागला. 'कंपन्यांचे लॅपटॉप, फक्त 3 दिवस.' आय-सेव्हन प्रोसेसर, आठवी जनरेशन, 14,500. जुन्याचे 1,500 वजा.

मी डोळे मिटून घेतला नाही. बहिणीचं चिपळूणचं घर 22 जुलै 2021 च्या पुरात बुडालं होतं, तेव्हापासून भिजलेल्या वस्तूंची मला धास्ती आहे. म्हणून लॅपटॉप उलटा करून स्क्रू गंजलेत का पाहिलं, फटीत चिखल आहे का पाहिलं, वाससुद्धा घेतला. प्रोसेसरचं नाव दाखवणारं सिस्टीमचं पान उघडायला लावलं. तिथे आठव्या जनरेशनच्या आय-सेव्हनचं नाव स्वच्छ दिसत होतं. विंडोज 11 चालत होतं. आणखी काय बघायचं होतं मी?

बघायचं होतं ते माझ्या हातात आलं होतं. स्क्रीनवर डाग आहे का ते उजेडात बघावं म्हणून मी चार्जरची पिन काढायला गेले. सेलवाल्या माणसाने झटकन माझा हात धरला. अनोळखी बाईचा हात! "ताई, काढू नका, अपडेट चालू आहे, बिघडेल." स्क्रीनवर कसलंही अपडेट नव्हतं. मला दिसत होतं की नव्हतं. आणि मी "बरं बरं" म्हणून हात मागे घेतला. मागे गिऱ्हाइकांची रांग, पोरगा घाई करत होता, कबूल. पण तो हात धरला तेव्हाच मी तिथून निघायला हवं होतं. रोज रात्री अंथरुणावर पडलं की तीच पिन डोळ्यांसमोर येते.

450 रुपयांची बॅग आणि माउसही गळ्यात मारला. पावती म्हणून साधा कॅश मेमो, जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. क्यूआर कोड कुणाच्या तरी वैयक्तिक नावाचा. दुकानाचा माल आणि पैसे माणसाच्या नावावर, असं दिसलं की एक रुपया देऊ नका.

घरी आल्यावर रात्री लाइट गेली आणि लॅपटॉप त्याच क्षणी बंद. बॅटरी मेलेली. लाइट आल्यावर चालू केला तर सिस्टीमच्या पानावरचं नाव बदललेलं: आय-सेव्हन 2620एम. दुसरी जनरेशन, 2011 ची. म्हणजे मी 2015 चा लॅपटॉप देऊन, वर पैसे मोजून, 2011 चा घेऊन आले.

पुण्याच्या भाच्याने फोनवर उलगडा केला. प्रोसेसरचं नाव विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या नोंदवहीत) बदलता येतं, पण मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं की खरं नाव परत येतं. म्हणून चार्जर काढू देत नव्हते. विंडोज 11 सुद्धा जुन्या मशीनवर जबरदस्तीने घालता येतं. तेव्हा समोर रिस्टार्ट करायला लावा, बायोस (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं स्वतःचं पान) उघडून नाव वाचा, चार्जर काढून पंधरा मिनिटं चालवा. नाही म्हणाला तर उठा.

चौथ्या दिवशी गेले तर हॉलमध्ये लग्नाचा मांडव. व्यवस्थापक म्हणे, बुकिंग फोनवरून झालं, आम्हाला भाड्याशी मतलब. पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे यूपीआयने दिलेत ना, मग सायबरला कळवा. सायबरच्या फोनवर म्हणाले, तुम्ही समोर जाऊन वस्तू घेतलीत, ही ऑनलाइन फसवणूक नाही, ठाण्यात जा. बँक म्हणाली, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात. पुन्हा ठाण्यात गेले, तर दीड तास बाकावर बसवून साहेब म्हणतात, "वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी मामला." भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे, खोटं सांगून माल विकला ती फसवणूक नाही तर काय, असं मी विचारलं. त्यावर शेजारचा हवालदार म्हणाला, "मॅडम, शिकलेल्या असून कशा फसलात?" शिकलेल्या बाईची तक्रार घेऊ नये असं कुठे लिहिलंय? अर्जावर पोच मागितली तर शिक्का नाही म्हणाले. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, तेही विचारून आले. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. तो शोधणार कोण, मी?

पैशांपेक्षा मोठा घोर वेगळाच. जुन्या लॅपटॉपमध्ये आमच्याकडे राहून गेलेल्या 61 पाहुण्यांच्या आधारच्या प्रती होत्या. मी फाइल्स डिलीट केल्या होत्या, पण नुसत्या डिलीट केलेल्या फाइल्स परत काढता येतात. जुना लॅपटॉप देताना हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. दादांनी पाच मिनिटांत काढून दिली असती.

वहीत नंबर होते म्हणून आता एकेकाला फोन करून आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला सांगतेय. काल कोल्हापूरच्या एक बाई खूप बोलल्या, मी ऐकून घेतलं. 23 फोन झाले, 38 बाकी आहेत.