अंगणात शहाबादी की धोलपूर?

पुण्यात घराचं अंगण करायला निघालात की फरशीवाला दोन तुकडे पुढ्यात टाकतो. एक करडी शहाबादी, दुसरा फिकट बदामी धोलपूर. आपण रंग बघतो आणि तिथेच फसतो.

दोन्ही दगड बाहेरगावचे. आपला खडक लाव्हारसाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण. पाताळेश्वर कोरलंय तेही त्यातच. त्याला टाकी लावून चिरे घडवता येतात, पण पातळ, सपाट फरशी सुटायला पाण्याखाली थरावर थर बसून झालेला गाळाचा खडक लागतो. शहाबादी येते कलबुर्गी जिल्ह्यातून. सोलापूरच्या पुढे वाडीकडे जाताना रेल्वेत शहाबाद स्टेशन लागतं, तेच हे. धोलपूर येतो थेट राजस्थानातून. (शहाबादच्या या थरांना भूवैज्ञानिकांनी नाव दिलंय भीमा नदीचं. भीमाशंकरला उगम पावून मुळा-मुठेचं पाणी पोटात घेऊन जाते तीच भीमा. त्यामुळे शहाबादीला अगदीच परकी म्हणवत नाही.)

शहाबादी हा चुनखडक. त्याच पट्ट्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते या चुन्यासाठीच. धोलपूर हा वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला दगड. कठीणपणाच्या मोह्स मापावर चुनखडकातलं कॅल्साइट ३ वर आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. एवढं वाचून धोलपूरच घ्यावासा वाटेल. पण वाळूचा कण कितीही कणखर असला तरी कणांना धरून ठेवणारा निसर्गाचा मसाला कसा आहे, यावर सगळं अवलंबून. मसाला कच्चा असेल तर पायाखाली रेती सुटत राहते. दुकानात तुकड्यावर अंगठा जोरात घासा. बोटाला रेती लागली तर तो ढीग सोडून द्या.

दुसरी परीक्षा पाण्याची, आणि पुण्यापुरती मला हीच महत्त्वाची वाटते. दोन्ही कोरड्या तुकड्यांवर चमचाभर पाणी ओता. शहाबादीवर ते बराच वेळ तसंच थांबतं. धोलपूर बघता बघता पिऊन टाकतो. राजस्थानच्या कोरड्या हवेत त्याने काही बिघडत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अंगण धड वाळत नाही. त्यात वर आंब्याची सावली असेल तर धोलपूर ऑगस्टपर्यंत हिरवा. मुळात खरबरीत असलेला हा दगड शेवाळ धरला की शहाबादीहून निसरडा होतो. शेवाळ शहाबादीवरही येतं, पण वरवर बसतं आणि खराट्याने निघतं. धोलपूरच्या छिद्रांतून ते पुरतं निघत नाही. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर प्यालेलं पाणी वाळताना खार वर आणतं आणि बदामी दगडावर पांढरे नकाशे उमटतात. सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप मारतात, पण तो पुन्हा पुन्हा मारावा लागतो, हे विकणारा सहसा सांगत नाही.

मग शहाबादी बिनघोर? छे. तिचा शत्रू आंबट. लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि सगळ्यात वाईट म्हणजे संडास धुवायचं ऍसिड. आमच्याकडे काम संपल्यावर गवंड्याने सिमेंटचे डाग काढायला अंगणभर ऍसिड फिरवलं. फेस आला, त्याला वाटलं मळ निघतोय. निघत होती फरशीच. वाळल्यावर पांढुरके चट्टे, आणि पुन्हा घासून घेण्याचा खर्च माझ्या माथी. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचे फिके डाग पडतात तेही याच कारणाने, तोही चुनखडकच. शिवाय शहाबादीचे पापुद्रे सुटतात. लाद्या उभ्या धरून कडा बघा, मधून मातकट रेघ गेली असेल तर पुढेमागे तिथूनच ती उकलणार.

एका बाबतीत मात्र धोलपूरला तोड नाही. एप्रिलमध्ये दुपारी अनवाणी तुळशीला पाणी घालायला जा. करड्या शहाबादीवर पाय ठरत नाही, फिकट धोलपूर सोसवतो. कोरीवकामालाही तो लोण्यासारखा. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाला धोलपूरचाच दगड आहे. पण भिंतीवर पडलेलं पाणी ओघळून जातं, अंगणात ते साचतं.

भावाचं फार काय सांगणार? अंतर कमी म्हणून शहाबादी बहुधा स्वस्त पडते, पण जाडी एकसारखी येत नाही, गवंडी कुरकुरतो. गाडी उभी करणार असाल तर दोन्हींत जाड माल मागा. आणि ढाळ आधी नीट काढून घ्या, दगड कोणताही असो.

आम्ही अंगणात खरबरीत शहाबादी ठेवली आणि फाटकाचे दोन खांब धोलपूरने मढवले. ऍसिडची बाटली मात्र मी आता अंगणातल्या नळापाशी कुणाला ठेवू देत नाही.