विश्रामबागेतला दवाखाना: गोळ्या लिहिणारा नव्हे, खोडणारा डॉक्टर

पाचपैकी चार स्टार. पाचवा कंपाउंडरनं घालवला, ते शेवटी सांगतो.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर 41 वर्षं दिवाणजी होतो. शेतकऱ्याची पट्टी लिहायची, हमाली-तोलाई वजा करायची, यातच जन्म गेला. त्यामुळं आकडा दाखवल्याशिवाय मला काही पटत नाही, डॉक्टरचंसुद्धा.

पहिल्यांदा गेलो ते हातावर काळेनिळे डाग उठत होते म्हणून. डॉक्टरांनी तपासायच्या आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. एकेक पाकीट बाजूला सारत ॲस्पिरिनवर बोट ठेवलं. "ही कुणी दिली, काका?" मी गप्प. दिली कुणीच नव्हती. गल्लीत एकाला ॲटॅक आला आणि त्याच आठवड्यात मी मेडिकलमधनं आणून सुरू केली, त्याला चार वर्षं झाली.

त्यांनी रिपोर्टाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून दाखवलं. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत 19,114 धडधाकट म्हातारी माणसं, बहुतेक सत्तरीपुढची. निम्म्यांना रोज ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. निकाल 2018 ला आला. साधारण पावणेपाच वर्षांत गोळीवाल्यांचं आयुष्य वाढलं नाही, अंथरूणही टळलं नाही. मोठा रक्तस्राव मात्र त्यांच्यातल्या 361 जणांना झाला, दुसऱ्या बाजूला 265 जणांना. मी तिथंच वजाबाकी केली. 96 माणसं नावे, जमेला काही नाही. असला व्यवहार मी केला असता तर शेठनी दुसऱ्या दिवशी किल्ल्या काढून घेतल्या असत्या.

गोळी बंद झाली. पण मी दारातनं बाहेर पडेपर्यंत दोनदा बजावलं, "ज्यांना ॲटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसवलाय, त्यांना हे सांगत सुटू नका. त्यांचा हिशोब वेगळा." बजावलं ते बरं केलं, कारण मी सांगत सुटणारच होतो.

बीपीची गोळी रात्रीच घ्यावी असा मेसेज फिरतोय, तोही दाखवला. ब्रिटनमध्ये 21,104 लोकांवर पाहून झालंय म्हणे, 2022 मध्ये छापून आलं, सकाळ-रात्र काही फरक नाही. "आठवण कधी राहते?" चहाच्या वेळी. मग चहाच्या वेळी. विषय संपला.

पण खरा पटला तो आमच्या अडतीवरच्या एका हमालाला घेऊन गेलो तेव्हा. टीबी निघाला. औषध सरकारी दवाखान्यातनं फुकट मिळतं, तिकडं पाठवलं. आणि मग विचारलं, घरात आणखी माणसं किती? चार. झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना दर माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, पेशंटला त्याहून जास्त शिधा. 2023 ला निकाल आला, त्या घरांत नवा टीबी 39 टक्क्यांनी कमी. मोठमोठ्या मशिनी नाहीत, डाळ-तांदूळ! हे मला तोंडपाठ झालं, कारण किलोत होतं. 20 किलो तांदूळ, 6 किलो डाळ, पेशंटचं वेगळं. चिठ्ठी करून शेठपुढं ठेवली.

"दिवाणजी, हे कुठल्या खात्यावर टाकायचं?"

"धर्मादाय."

शेठनी चष्मा वर केला, खाली केला, आणि सही केली. सहा महिने माल गेला.

आता कंपाउंडर. फोन उचलत नाही. नंबर सकाळी साडेआठला वहीत स्वतः जाऊन लिहायचा, तरी दोन तास बसावं लागतं, आणि ओळखीचा आला की त्याला मधनं आत सोडतो. विचारलं तर "इमर्जन्सी आहे." इमर्जन्सी बाहेर टपरीवर चहा पीत होती, मी पाहिलंय. फी रोखच, सुटे न्या. वहीचं पेन दोऱ्यानं बांधलेलं आहे पण चालत नाही, आपलं न्या.